पार्टनरबरोबर ठरवलेली वेगळी बिड टुर्नामेंटमध्ये चालते का, हे कसं तपासायचं

घरी मेंढीकोट खेळताना पार्टनरला डोळा मारणं, पान जरा जोरात आपटणं, "आता बघ हं" म्हणणं हे सगळं चालून जायचं, पकडलं गेलं तरी हसण्यावारी जायचं. ब्रिजला बसलं की पहिली ही सवय सोडावी लागते. २०१८ च्या जकार्ता एशियाडमध्ये प्रणब बर्धन आणि शिबनाथ सरकार यांनी पेअर्सचं सोनं आणलं तेव्हा माझ्या ओळखीतले दोघं-तिघं हौसेने शिकायला आले आणि सगळ्यांचा पहिला प्रश्न तोच, की पार्टनरला आपण बिड (म्हणजे बोली) मधून काहीतरी सांगतोय ना, मग ते आधी ठरवून ठेवणं म्हणजे चीटिंग नाही का? आणि सहा महिन्यांनी तेच लोक रात्री अकरा वाजता मेसेज करतात, "आम्ही एक भारी २ डायमंड शोधून काढलाय, उद्या खेळू का?"

दोन्ही प्रश्नांचं उत्तर एकाच ठिकाणी आहे. ड्युप्लिकेट ब्रिजचे कायदे आहेत, सध्या २०१७ ची आवृत्ती चालते, त्यातला कायदा ४० पार्टनरशिपच्या समजुतींबद्दल आहे, आणि तो पहिल्यांदा वाचताना मला खरंच आश्चर्य वाटलं होतं कारण तो किती मोकळा आहे. तुम्ही कुठलाही कॉल (बिड, पास किंवा डबल) कधीही करू शकता, आधी जाहीर न करता, फक्त तो पार्टनरबरोबरच्या लपवलेल्या समजुतीवर आधारलेला नको. म्हणजे वेगळं खेळायला ना नाही, लपवायला ना आहे. आणि खुणा, बोटं, पान ठेवायची पद्धत, बिड करायला घेतलेला वेळ, असल्या मार्गाने ठरवून माहिती पाठवणं हे कायदा ७३ मध्ये सगळ्यात गंभीर गुन्हा म्हणून लिहिलंय, तिथे "आम्ही कार्डावर लिहिलं होतं" ही सबब सुद्धा चालत नाही. माहिती जायची ती बिडच्या अर्थातून, आणि तो अर्थ समोरच्या दोघांनाही तेवढाच माहीत पाहिजे जेवढा तुमच्या पार्टनरला आहे.

एवढं डोक्यात पक्कं बसलं की बाकी तपासणी सोपी आहे, पण ती टेबलावर बसायच्या आधी करायची.

पहिलं काम म्हणजे तुमचं ॲग्रीमेंट एका वाक्यात कागदावर लिहा. खरंच लिहा. "२ हार्ट म्हणजे काहीतरी वीक टू-सूटर" (दोन लांब सूट असलेला कमजोर हात) हे ॲग्रीमेंट नाही, ती इच्छा आहे. लिहायचं असं: २ हार्ट ओपनिंग (म्हणजे डावातली पहिली बिड), ५ ते ९ पॉइंट (एक्का ४, राजा ३, राणी २, गुलाम १), निदान पाच हार्ट आणि निदान चार पानांचा कुठलाही एक मायनर (क्लब किंवा डायमंड). हे लिहिताना निम्मे वाद तिथल्या तिथे निघतात, पार्टनर म्हणतो "अरे मला वाटलं चार हार्ट पण चालतात", आणि बरं झालं ते घरीच निघालं, कारण टेबलावर निघालं असतं तर दोघांनी दोन वेगळी उत्तरं दिली असती. लिहून झालं की त्या वाक्याला तीन प्रश्न विचारायचे. सगळ्यात कमी किती पॉइंटवर ही बिड होते? कुठलं तरी एक पान-घर, म्हणजे सूट, नक्की ठरलेलं आहे का? आणि त्या सुटात कमीत कमी किती पानं? नियमांची जवळजवळ सगळी चाळणी या तीन प्रश्नांवर चालते.

दुसरं काम, कुठल्या स्पर्धेत खेळायचंय ते बघा. कायदा ४० च स्पर्धेचं नियमन करणा-या संस्थेला अधिकार देतो की खास समजुती, म्हणजे सगळ्यांना सहज कळणार नाहीत अशा, त्यांनी चालू द्यायच्या, बंद करायच्या किंवा अटी घालून चालू द्यायच्या. त्यामुळे "ही बिड लीगल आहे का" हा प्रश्न अर्धाच आहे, पूर्ण प्रश्न "या स्पर्धेत, या राउंडला लीगल आहे का" असा असतो. तीच बिड एका ठिकाणी चालते आणि दुसरीकडे नाही. उदाहरण मल्टी २ डायमंडचं. ओपनिंग २ डायमंड, अर्थ असा की हार्ट किंवा स्पेड यातल्या एकात सहा पानांचा वीक हात, कुठल्यात ते नंतर कळेल. इंग्लंडमध्ये ही रोजच्या क्लबातली गोष्ट आहे. अमेरिकेत एसीबीएलने, म्हणजे तिथल्या ब्रिज संघटनेने, २०१८ च्या नोव्हेंबरपासून बेसिक, बेसिक प्लस, ओपन आणि ओपन प्लस असे, काय चालतं काय नाही याचे, चार चार्ट केलेत आणि मल्टी तिथे सगळ्यात वरच्या चार्टमध्येच बसते. माझा एक मित्र पुण्यातून न्यू जर्सीला गेला, इथे वर्षानुवर्षं मल्टी खेळलेला, तिथल्या क्लबात पहिल्याच संध्याकाळी त्याला ती कार्डावरून खोडावी लागली. त्याचं चुकलं काहीच नव्हतं, जागा बदलली होती.

आपल्याकडे टुर्नामेंटचं प्रॉस्पेक्टस येतं त्यात एंट्री फी आणि जेवणाची वेळ बघून लोक फाइल बंद करतात, सिस्टिमबद्दलचा परिच्छेद खाली असतो तो वाचा. काही लिहिलं नसेल तर आयोजकांना चार दिवस आधी मेसेज करा, तुमचं ते एका वाक्यातलं ॲग्रीमेंट जसंच्या तसं पाठवा आणि उत्तर लेखी घ्या. स्पर्धेच्या सकाळी डायरेक्टरला घाईत तोंडी विचारलं तर तो बिचारा बहुतेक "नको" म्हणणार, आणि त्याच्या जागी मी असतो तर मी पण तेच म्हटलं असतं.

आता मोठी चाळणी, डब्ल्यूबीएफची, म्हणजे वर्ल्ड ब्रिज फेडरेशनची सिस्टिम पॉलिसी. क्लबात ती लागू नसली तरी मोजमाप म्हणून हीच वापरा असं माझं मत आहे कारण व्याख्या अगदी स्वच्छ आहेत. साधा हात म्हणजे १० पॉइंट. त्याच्याखाली असेल तर वीक. साध्या हातापेक्षा एक राजा किंवा जास्त वर, म्हणजे १३ आणि पुढे, तर स्ट्राँग. सिस्टिमना रंग दिलेत: नॅचरल (जो सूट म्हटला तोच हातात) म्हणजे हिरव्या, स्ट्राँग क्लब किंवा स्ट्राँग डायमंडवाल्या (१ क्लब किंवा १ डायमंड म्हणजे स्ट्राँग हात) निळ्या, बाकी आर्टिफिशियल लाल, आणि अगदी चक्रावून टाकणा-या त्या पिवळ्या, त्यांना 'हम' म्हणतात. प्रिसिजन खेळणारे निळ्यात, आणि सी. सी. वेई यांची ही सिस्टिम सुद्धा एकेकाळी नवलाईचीच होती, तैवान १९६९ आणि १९७० ला बर्म्युडा बोलच्या, म्हणजे ब्रिजच्या जागतिक टीम स्पर्धेच्या, फायनलला गेलं तेव्हा जगाने तिच्याकडे नीट बघितलं. आज आपल्याकडे प्रिसिजन १ क्लबला कोणी भुवई पण वर करत नाही. वेगळेपण हे असं काळानुसार जुनं होत जातं म्हणून सरसकट बंदीच्या मी विरुद्ध आहे.

पिवळ्यात कोण जातं ते नीट बघा, कारण नकळत जाता येतं. सुरुवातीचा पास जर ओपनिंगइतकी ताकद दाखवत असेल तर पिवळं. वन लेव्हलची (म्हणजे १ ची) ओपनिंग पासपेक्षा कमजोर असू शकत असेल तर पिवळं. वन लेव्हलला ठरवून ७ किंवा कमी पॉइंटवर ओपन करत असाल तर पिवळं. एकाच सुटात एकतर लांब नाहीतर आखूड, असा अर्थ असेल तरी पिवळं, आणि एका सुटात लांब किंवा दुस-याच सुटात लांब असेल तरी पिवळं, फक्त स्ट्राँग क्लब-डायमंडवाल्यांच्या एका मायनरला यातून सवलत आहे. फोर्सिंग पास म्हणतात ती हीच जात: चांगला हात असेल तर पास, आणि काहीच नसेल तर बिड, त्या बिडला 'फर्ट' म्हणतात, खताच्या इंग्रजी शब्दावरून. असली सिस्टिम पेअर्समध्ये, जिथे दर दोन-तीन बोर्डांनी समोरचे बदलतात, तिथे नाही चालत, आणि ते मला पटतं. लांब टीम मॅचमध्ये समोरच्यांना आठवडाभर आधी कार्ड मिळतं, ते तयारी करून येतात. पंधरा मिनिटांच्या राउंडला कोणी कशी तयारी करणार?

याच्याखालची पातळी म्हणजे ब्राउन स्टिकर, आणि आपले उत्साही लोक बहुतेक इथेच अडकतात. २ क्लबपासून ३ स्पेडपर्यंतची कुठलीही ओपनिंग जी वीक असू शकते पण निदान चार पानांचा एक नक्की सूट सांगत नाही, ती ब्राउन स्टिकर. वरचं माझं २ हार्टचं वाक्य यातून घाला: वीक आहे, पण हार्ट नक्की आहेत आणि पाच आहेत, दुसरा सूट चार पानांचा आहे, म्हणून सुटलं. आता पार्टनर म्हणाला की मायनर तीन पानांचा पण चालवू, झालं, ब्राउन स्टिकर, कारण वीक टू-सूटरमध्ये एखादा सूट तीन पानांचा चालत असेल तर ते वेगळ्या कलमात येतं. "२ स्पेड म्हणजे कुठल्या तरी मायनरचा प्रीएम्प्ट" (लांब सूट, कमजोर हात), पुन्हा ब्राउन स्टिकर, कारण कुठला मायनर ते नक्की नाही. मग मल्टी कशी सुटते? व्याख्येनुसार सुटायला नको होती, पण मायनरच्या टू लेव्हल ओपनिंगमधून कुठल्या तरी मेजरचा (हार्ट किंवा स्पेडचा) वीक टू दाखवणं याला नावानिशी अपवाद दिलाय. तोच अर्थ २ हार्टला लावलात तर अपवाद मिळत नाही. एका सुटाच्या फरकाने निकाल बदलतो म्हणून म्हणतोय, आधी लिहून काढा.

ओव्हरकॉलला, म्हणजे समोरच्यांच्या ओपनिंगवर आपण केलेल्या बिडला, पण हेच. समोरच्याने नॅचरल १ हार्ट ओपन केलं आणि तुमचा १ स्पेड म्हणजे "८ पॉइंट आहेत, सूट कुठलाही", तर ब्राउन स्टिकर. पण समोरच्याचा १ क्लब स्ट्राँग आर्टिफिशियल असेल तर त्याच्यावर तुम्ही जवळजवळ काहीही खेळू शकता, ही बंधनं तिथे लागूच होत नाहीत. आपल्याकडे प्रिसिजनवाले भरपूर, तेव्हा नवीन काहीतरी करून बघायची हौस असेल तर ती इथे भागवा, समोरच्यांना सांगून.

तिसरं काम कार्ड. कन्व्हेन्शन कार्डाच्या दोन सारख्या प्रती, दोघांकडे एक एक, आणि विचित्र बिड कोप-यात बारीक अक्षरात नाही, वरच ठळक. अजून एक फायदा लोकांना माहीत नसतो: तुमच्या पार्टनरने सांगितलेला अर्थ एक आणि तुमचा हात दुसराच निघाला तर डायरेक्टरला ठरवावं लागतं की स्पष्टीकरण चुकलं का बिड चुकली. बिड चुकली असेल तर तो तुमचा दोष नाही, चुकायचा हक्क सगळ्यांना आहे. पण पुरावा नसेल तर कायदा सांगतो की स्पष्टीकरणच चुकलं असं धरायचं, आणि मग नुकसान झालं असेल तर स्कोअर बदलतो. पुरावा म्हणजे कार्ड. कोरं कार्ड घेऊन बसणं म्हणजे स्वतःहून केस हरणं. आणि हो, बिडिंग चालू असताना स्वतःचं कार्ड बघायचं नाही, समोरच्यांचं बघू शकता.

अलर्ट, म्हणजे पार्टनरच्या बिडला खास अर्थ आहे अशी समोरच्यांना दिलेली सूचना. डब्ल्यूबीएफच्या पद्धतीत कन्व्हेन्शनल बिड, किंवा ॲग्रीमेंटमुळे खास अर्थ असलेली बिड अलर्ट करायची. टेबलावर स्क्रीन (पार्टनर एकमेकांना दिसू नयेत म्हणून पडदा) नसेल तर डबल अलर्ट करत नाहीत, आणि फोर लेव्हल किंवा त्याच्या वरचं पण नाही, पहिल्या फेरीतल्या कन्व्हेन्शनल कॉलचा अपवाद सोडून. क्लबाचे नियम वेगळे असू शकतात, विचारून घ्या. बीबीओवर, म्हणजे ऑनलाइन ब्रिजच्या साइटवर, उलट आहे, तिथे ज्याने बिड केली त्यानेच अलर्ट करून अर्थ लिहायचा, पार्टनरला ते दिसत नाही, आणि खरं सांगू का, ही पद्धत टेबलापेक्षा चांगली आहे. शंका असेल तर अलर्ट करा.

आणि विचारल्यावर सांगायचं काय, तर ॲग्रीमेंट. हातात काय आहे ते नाही, पार्टनरने बहुतेक काय केलं असेल याचा अंदाज पण नाही. ठरलं नसेल तर "ठरलेलं नाही" म्हणा, पण खरंच ठरलेलं नसेल तरच. इथेच माझी स्वतःची गोष्ट सांगतो.

पुण्यातल्या एका क्लबात संध्याकाळची पेअर्स, आम्ही नॉन-व्हल, ते व्हल्नरेबल (व्हल्नरेबल बाजूला बोनस आणि दंड दोन्ही जास्त). पार्टनर डीलर, पास, उजवीकडचे पास, माझ्याकडे स्पेड राणी गुलाम नव्वा सत्ती चव्वी, बाकी चौकटचा गुलाम सोडला तर सगळा कचरा. एकूण ४ पॉइंट. मी २ स्पेड टाकला. कार्डावर लिहिलं होतं सहा पानं, ६ ते १०. डावीकडच्या काकांनी विचारलं, पार्टनरने कार्डावरचं वाचावं तसं सांगितलं, "सिक्स कार्ड, सिक्स टू टेन". काकांकडे १४ पॉइंट आणि तीन स्पेड, त्यांनी बराच वेळ पानांकडे बघितलं आणि पास केला. सगळे पास. मी तीन डाऊन, म्हणजे ठरल्यापेक्षा तीन हात कमी, १५० गेले. त्यांचे ४ हार्ट होत होते, त्याचे ६२० मिळाले असते. काकांनी आवाज न चढवता डायरेक्टरला बोलावलं. मला वाटलं मी निर्धास्त आहे, कायदा म्हणतो ठरलेल्यापासून वेगळी बिड करता येते, सायकिक (हाताशी मुळीच न जुळणारी, मुद्दाम केलेली बिड) सुद्धा करता येते, अट एकच, तुमच्या पार्टनरला त्याची कल्पना समोरच्यांपेक्षा जास्त नको. डायरेक्टरने माझ्याकडे बघितलंच नाही. त्याने माझ्या पार्टनरला विचारलं, "थर्ड सीटला (तिस-या क्रमाने बोलताना) हा असं किती वेळा करतो?" आणि माझा पार्टनर खरं बोलणारा माणूस, तो म्हणाला, "या महिन्यात चौथ्यांदा."

तिथे विषय संपला. आम्ही कधी बसून ठरवलं नव्हतं, पण चौथ्या वेळेपर्यंत त्याला माहीत होतं आणि काकांना माहीत नव्हतं, आणि कायद्याच्या भाषेत ते ॲग्रीमेंटच झालं, न बोललेलं. स्कोअर त्यांना ४ हार्टचा दिला. मला राग आला नाही, लाज वाटली, कारण काकांनी विचार करून जो पास केला होता तो आम्ही दिलेल्या अर्धवट माहितीवर केला होता. दुस-या दिवशी कार्डावर लिहिलं, "थर्ड सीट नॉन-व्हल: पाच पानं, ३ ते १०". तेव्हापासून तीच बिड मी उजळ माथ्याने खेळतो, कारण सांगितली की ती लीगल आहे.

म्हणून सायकिक करत असाल तर एका वहीत तारीख आणि बिड टिपून ठेवा, पार्टनरने पण. तीच गोष्ट दोन-तीनदा झाली की ती कार्डावर गेली पाहिजे. आणि पार्टनरने सायक केली का हे शोधणारी बिड ठेवू नका, तिला सायकिक कंट्रोल म्हणतात आणि ती सरळ बंद असते. आर्टिफिशियल ओपनिंग सायक करणं पण ब-याच ठिकाणी मना आहे. सांकेतिक सिग्नल, म्हणजे दोघांनाच कळणा-या गोष्टीवर, उदाहरणार्थ स्पेडचा एक्का कोणाकडे आहे यावर, सिग्नलचा अर्थ उलटा करणं, हे सुचतं सगळ्यांना आणि हुशारीचं वाटतं, पण अर्थ सांगूनही समोरच्याला वाचता येत नाही म्हणून एसीबीएलमध्ये त्याला जागाच नाही.

पार्टनरने तुमच्या बिडचा अर्थ चुकीचा सांगितला तर काय करायचं हे पण आधी पाठ करून ठेवा, कारण त्या क्षणी तोंड उघडतंच. बिडिंग चालू असताना गप्प बसायचं, चेहरा सुद्धा बदलायचा नाही, आणि पुढची बिड अशी करायची जणू त्याचं स्पष्टीकरण तुम्ही ऐकलंच नाही. तुमची बाजू डिक्लेअर करणार असेल (म्हणजे शेवटची बिड तुमची असेल) तर शेवटच्या पासनंतर, लीड, म्हणजे पहिलं पान, पडायच्या आधी, डायरेक्टरला बोलावून दुरुस्ती करायची. डिफेन्समध्ये असाल तर खेळ संपेपर्यंत थांबायचं, नाहीतर ती दुरुस्ती पार्टनरला मिळालेली माहिती ठरते.

आणि तुमच्यासमोर कोणी असली बिड टाकली तर? घाबरायचं नाही आणि वैतागायचं पण नाही. आपली पाळी आली की विचारायचं, शांतपणे, "वीक असला तर कुठला सूट नक्की आहे?" एवढ्या एका प्रश्नात बरंच कळतं. सांगितलेल्या अर्थात आणि हातात फरक पडला आणि तुमचं नुकसान झालं असं वाटलं तर वाद न घालता डायरेक्टर, तो त्याच्यासाठीच आहे. ब्राउन स्टिकर चालणा-या स्पर्धेत जात असाल तर त्या बिडविरुद्धचा डिफेन्स लिहून नेता येतो आणि टेबलावर बघता पण येतो, डब्ल्यूबीएफ त्याला समोरच्यांच्या कार्डाचाच भाग धरतं. एका पानात बसेल एवढाच लिहा, डबल म्हणजे काय, २ नो ट्रम्प म्हणजे काय, पास करून नंतर डबल म्हणजे काय, आणि झेरॉक्स काढून एक प्रत पार्टनरला आदल्या रात्रीच द्या.